शुक्रवारची बंगळूर गाडी

माझ्या नातीच्या जन्माच्या दाखल्यावर बंगळूर लिहिलेलं आहे. तिथं वडवणी असायला पाहिजे होतं. दाखला मोबाइलवर आला तेव्हा मी तो बोटांनी मोठा करून करून पाहिला, मोठा केल्यावर काही गावाचं नाव बदलणार नव्हतं, तरी पाहिला, आणि मग मोबाइल पालथा घालून कामाला लागले. लोक म्हणतात, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, मग झालं तर. असं म्हणणाऱ्यांच्या लेकी त्यांच्याच घरी बाळंत झालेल्या असतात. मला राग आला होता, तो अजून आहे, आणि तो नेमका कुणावर काढायचा हे इतक्या महिन्यांनीही ठरलेलं नाही. सुरुवातीला तो सरळ रेल्वेवाल्यांवर होता. तेव्हा सोपं होतं.

मी अंगणवाडीत आहे. वीस-बावीस वर्षं झाली. गरोदर बायकांची नावं रजिस्टरला घ्यायची, गोळ्या द्यायच्या, पोरांची वजनं करायची, आणि सासवांच्या डोक्यातली खुळं काढायची, हे माझं काम. पपई खाऊ नये, ग्रहणात सुई धरू नये, आठव्या महिन्यात पोटुशीनं वाट चालू नये. या सगळ्याशी मी रोज भांडते. भांडण मला जमतं. आमचे मालक म्हणतात, हिला पगार भांडायचाच मिळतो, वजन-काटा नावाला आहे.

मला स्वतःला माहेर नव्हतं. आई मी शाळेत असतानाच गेली, भावांनी लग्न लावून दिलं आणि हात झटकले. माझी दोन्ही बाळंतपणं सासरी झाली. पहिल्या वेळी सातव्या दिवशी मी चुलीपुढं बसून भाकरी थापल्या, कारण सासूला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि घरात दुसरी बाई नव्हती. कुणी छळ केला नाही. पण पाठ भिंतीला टेकवायला मिळाली नाही ती नाहीच. म्हणून लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी मी ठरवलं, हिचं पहिलं बाळंतपण माझ्या घरी, माझ्या हातानं. सव्वा महिना ती उठणार नाही, पाणी तापवणार नाही, भाकरीला हात लावणार नाही. जे मला मिळालं नाही ते तिला पोट भरून द्यायचं होतं. यात काय चूक होतं ते मला कुणीतरी सांगावं.

तयारी पाचव्या महिन्यापासून चालू होती. बाजेला नवी नवार घातली. जुन्या सुती साड्या दहा वेळा धुऊन मऊ केल्या, त्यांची दुपटी शिवली. डिंक, खारका, बाळंतशेपा डब्यात भरल्या. मालकांची पंधरा-वीस शेळ्यांची दावण आहे. त्यातली एक विकायला काढली होती ती त्यांनी मला न विचारता ठेवून घेतली, लेकीला दूध होईल म्हणून. आमच्या घरात प्रेम असं बोलता न येणारं आहे. बोलायचं काम माझ्याकडं.

जावई बंगळूरच्या बाहेर एका कारखान्यात आहेत. विहीणबाई मूळच्या माजलगावकडच्या, पण सुनेला दिवस गेल्यापासून तिकडंच जाऊन राहिलेल्या. सातव्यात ओटी भरली की लेकीला माहेरी पाठवायचं, हे दोन्ही घरांत ठरलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी एकच अट घातली होती, रस्त्यानं नेऊ नका. बाळ जरा खाली सरकलंय, बसचे-जीपचे हिसके नकोत, रेल्वेत आडवं पडून न्या. परळीला थेट गाडी आहे. तिकडं संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी परळी. तिथून वडवणीपर्यंतचा रस्ता, तो आम्ही बैलगाडीच्या चालीनं आणू, असं मी डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं होतं.

आमच्या भागातल्या माणसाला रेल्वे म्हणजे परळी. आता कुठं बीडला गाडी आली, वडवणीकडंही रूळ सरकतायत, पण आमचं आयुष्य गेलं ते परळीला जाऊन गाडी धरण्यात. गावातून रेल्वेनं जाणारा माणूस आदल्या दिवसापासून निघाल्यासारखा वागतो. आम्हाला गाडी कधी सुटते याची भीती असते. ती मुळात येणारच नाही, असं कधी मनात येत नाही.

जावयांनी तिकिटं काढली ती बुधवारची. खालचा बर्थ मिळाला होता. विहीणबाईंच्या हिशोबानं पुढच्या सोमवारी आठवा लागत होता, म्हणजे बुधवारी निघून गुरुवारी घरी, चांगली तीन-चार दिवसांची सवड. आणि इथं मी माती खाल्ली.

बुधवार ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात घंटा वाजली. जाशील बुधी तर येशील कधी. आमच्याकडं लेकीला बुधवारी घराबाहेर काढत नाहीत. ना माहेरून सासरी, ना सासरहून माहेरी. का, ते मला विचारू नका. आठव्या महिन्याचं खूळ मी शंभर घरांतून काढलंय, त्याला माझ्याकडं उत्तर आहे, आठवड्यांचा तक्ता आहे. बुधवारचा तक्ता नाही. तो रजिस्टरमध्ये येतच नाही, म्हणून बहुतेक तो माझ्यात तसाच राहून गेला. फोनवर मी जावयांना म्हणाले, "बुधवारी माझी लेक उंबऱ्याबाहेर पडनार न्हाई. शुक्रवारचं बगा." ते म्हणाले, "मामी, शुक्रवारी वरचा बर्थ हाय." मी म्हणाले, "मग खालच्या मानसाला हात जोडा. पोटुशी बाई बगून कुनीबी उठतं." मग त्यांनी फोन लेकीकडं दिला, तिलाही मी तेच ऐकवलं. जावई गरीब स्वभावाचे. त्यांनी बुधवार रद्द करून शुक्रवार काढला.

शुक्रवारी पहाटेपासून रेल्वेवाल्यांचा संप सुरू झाला.

मला कळलं तेव्हा मी अंगणवाडीत होते. एका पोराला काट्याच्या झोळीत बसवलं होतं, ते लाथा झाडत होतं, आणि जावयांचा फोन आला. "मामी, गाड्या बंद झाल्यात. डायव्हर लोक बसलेत. आजची गाडी रद्द दाखवतीय." मी विचारलं, "उद्याची?" ते म्हणाले, "उद्याचीबी." मी पोराचं वजन न बघताच त्याला खाली उतरवलं. मग त्याची आई म्हणाली, ताई, किती भरलं? मला परत बसवावं लागलं.

त्या दिवशी मी रेल्वेवाल्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. घरी आल्यावर तर तोंडाचा पट्टा चालूच. म्हटलं, यांना सरकारी पगार, यांना पास, यांना क्वार्टर, बसायला लोखंडी घोडा, आणि यांना कमी काय पडतंय? सणाच्या तोंडावर, लग्नाच्या मुहूर्तावर, बाळंतिणीच्या वेळेवर बरोबर यांचं दुखणं निघतं. मालक शेळ्यांना पाला टाकत होते. ते कधी मधे बोलत नाहीत. पण त्या दिवशी म्हणाले, "तुमी महिनाभर बसलतात तवा?"

मी म्हणाले, "ते येगळं."

"कावून येगळं?"

मी तडक आत जाऊन भाकरी थापायला बसले. कारण वेगळं कसं ते मला सांगता येईना. आम्हीही बसलो होतो. अंगणवाड्यांना कुलपं लावून बीडला कलेक्टर ऑफिसपुढं मांडव टाकून बसलो होतो, घोषणा देऊन माझा घसा बसला होता. आणि त्या महिन्यात एक बाई माझ्या दारात पोर घेऊन आली होती. तिच्या पोराचं वजन आदल्या महिन्यात घटलं होतं. ती म्हणाली, "ताई, खाऊ ऱ्हाऊ द्या, निस्तं वजन तरी करून द्या, जीव थाऱ्यावर न्हाई." किल्ली माझ्या कमरेला होती. मी म्हणाले, "बाई, संप हाय." ते पोर पुढं चांगलं सुधारलं, आता शाळेत जातं. पण ती बाई अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिनं तेव्हा मला घरी जाऊन काय काय म्हटलं असेल, ते मी आता रेल्वेवाल्यांना म्हणत होते. हे कळत होतं आणि तरी मी थांबत नव्हते.

शनिवारी लेक परळीला उतरणार होती म्हणून आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या भाईंची गाडी आधीच सांगून ठेवली होती. भाईंनी मागच्या सीटवर घरातली गादी आणून अंथरली होती, त्यांच्या बायकोनं धुतलेली चादर दिली होती. सकाळी ते म्हणाले, "ताई, रेल तो बंद हाय म्हनत्यात. मग गाडी काढू का नको?" मी म्हणाले, "काढा."

"जायाचं कुटं पन?"

"परळीला. इचारायला."

विचारायला फोन असतो, मोबाइलवर सगळं दिसतं, हे मलाही माहीत आहे. पण मोबाइलशी भांडता येत नाही. भांडायला समोर माणूस लागतो. शिवाय गावात कुणीतरी उठवलं होतं की साहेब लोक स्वतः गाड्या चालवणार आहेत, दुपारपासून सुरू होणार आहेत. मी अर्ध्या दिवसाची अंगणवाडी उरकली आणि खात्याच्या साडीतच गाडीत बसले. गादीवर नाही, पुढं.

तेलगाव गेलं, सिरसाळा गेलं. भाई सवयीनं खड्डे चुकवत सावकाश चालले होते, जणू मागं लेक झोपलेलीच आहे. मी म्हणाले, "भाई, मागं कुनी न्हाई. पळवा." ते म्हणाले, "आदत करून घेतो ताई. परत यायचंच हाय तिला घेऊन." मला त्यांचाही राग आला. चांगलं बोलणाऱ्या माणसाचा त्या दिवसात मला जास्तच राग येत होता.

परळीला स्टेशनात शिरले तर फलाटावर माणसं पथाऱ्या टाकून बसलेली. वैजनाथाच्या दर्शनाला आलेलं एक तेलंगी कुटुंब डबे उघडून जेवत होतं. चौकशीच्या खिडकीत एक पोरगेला माणूस. मी विचारलं, बंगळूरहून गाडी कधी निघणार? तो म्हणाला, काही आलेलं नाही. मी म्हणाले, गाडी नाही विचारली, कधी निघणार ते विचारलं. तो म्हणाला, तेच सांगतोय बाई, वरून काही कळवलेलं नाही. मी म्हणाले, साहेब चालवणारेत ना? तो हसला. त्याचं हसणं वाईट नव्हतं, पण मी ते वाईट धरलं. म्हणाले, "हसायला काय झालं? तुज्या घरात बायामान्सं न्हाईत का?" तो बिचारा खिडकीत बसून काम करणारा, तो संपावरही नव्हता. पण समोर तोच होता.

स्टेशनच्या बाहेर त्यांचा मांडव होता. झेंडे, सतरंजी, पाण्याचा जार, आणि पन्नासेक माणसं. मी तरातरा तिथं गेले. भाई मागून "ताई, ताई" करत आले. मी मांडवाच्या कडेला उभी राहून विचारलं, "तुमच्यातला गाडी चालवनारा कोन हाय?"

तसे बरेच होते. पण एक जण उठला. पन्नाशी ओलांडलेला, मिशा पांढऱ्या, डोळे लाल. "मी हाय. बोला, ताई."

मी बोलले. दमानं नाही बोलले. लेकीचा सातवा, सोमवारी लागणारा आठवा, खाली सरकलेलं बाळ, डॉक्टरीणबाईंची अट, सगळं त्याच्या तोंडावर टाकलं. म्हणाले, "तुमी मागन्या मागा, मोर्चे काडा, साहेबाच्या दारात बसा. माज्या लेकीनं तुमचं काय घोडं मारलं? ती तुमच्या पगारात हाय का?" तो ऐकत राहिला. माझं झालं तेव्हा त्यानं माझ्या साडीकडं बघितलं आणि म्हणाला, "तुमी अंगणवाडीच्या ताई न्हवं का? तुमच्या संपाला आमी आलतो बीडला. पाठिंब्याला. मी सोता माइकवर बोललतो."

मांडवातले दोन-चार जण हो हो म्हणाले. एकानं पाण्याचा पेला पुढं केला.

मला वाटलं भुई फाटावी. पण ती फाटत नसते, म्हणून मी आणखीच चढले. "पाठिंबा दिलता म्हून लेकीची गाडी बंद पाडायची का?"

"न्हाई ताई," तो म्हणाला. "पन एक सांगतो. लगातार रातपाळ्या करून इंजनात आमाला झापड येती. मागच्या डब्यात तुमचीच लेक झोपलेली आसती. आमी बसलोत ते त्याच्यासाटीबी बसलोत."

हे मला पटलं. पटलं म्हणूनच अंगाचा तिळपापड झाला. खोटं बोलला असता तर चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. खऱ्यापुढं काय बोलायचं? तोंडाला आलं ते म्हणाले, "मग सोमवारनंतर बसायचं व्हतं!" आणि मागं वळले. कुणी हसलं नाही. त्या पांढऱ्या मिशांच्या माणसानं दोन पावलं मागं येऊन विचारलं, "किती दिस भरलेत लेकीचे?" मी तशीच गाडीकडं चालत राहिले. तो पाण्याचा पेलाही घेतला नाही, आणि तहान तर लागली होती. परतीच्या वाटेत सिरसाळ्याला भाईंनी न विचारता गाडी थांबवून पाण्याची बाटली आणली.

जावयांनी त्या दोन दिवसांत आणखी वाटा काढून पाहिल्या. पुण्यापर्यंत विमानानं, पुढं गाडीनं. विहीणबाई म्हणाल्या, पोटुशी बाई आभाळात न्यायची, यांना वेड लागलंय का? आणि पुण्याहून पुढचा रस्ता डॉक्टरीणबाईंना चालणार नव्हता. रविवार असाच गेला. मी घरात बसून टीव्ही बघत होते. बातम्यांत चर्चा चालू असल्याचं सांगत होते. चर्चा कशी चालते ते मला माहीत आहे. आमच्याही वेळेला चालली होती. आम्हाला शेवटी आश्वासन मिळालं होतं.

सोमवारी दुपारी त्यांनाही आश्वासन मिळालं आणि संप मागं घेतला. परळीला पेढे वाटले म्हणे. मंगळवारची गाडी सुटणार होती, वेळेवर सुटणार होती, आणि जावई म्हणाले खालचे बर्थसुद्धा मोकळे आहेत, कारण लोकांनी भीतीनं तिकिटं रद्द केलीत. मी बाजेवरची चादर झटकली. मालक शेळी वेगळी बांधायला गेले. भाईंना निरोप पाठवला, गादी काढू नका.

मग मी विहीणबाईंना फोन लावला.

त्या आधी गोडच बोलल्या. मग म्हणाल्या, "पन विहीणबाई, आज सोमवार. आठवा लागला. आता न्हाई पाटवत."

मी माझं कामाचं बोलणं सुरू केलं. म्हणाले, आठव्या महिन्याला काही नसतं. डॉक्टर आठवडे मोजतात, महिने मोजत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी अजून दोन आठवडे रेल्वेला हो म्हटलंय. आमच्या गावातल्या अमक्या-तमक्या आठव्यात माहेरी आल्या, सगळ्यांची पोरं धडधाकट आहेत, मी स्वतः वजनं केलीत. हे मी इतक्या वेळा इतक्या घरांत बोललेय की झोपेतही बोलेन. बहुतेक सासवा पाचव्या वाक्याला मऊ होतात.

विहीणबाई मऊ झाल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या. मला काय कळतं? पन मला येवडं सांगा. तुमी बुधवार पाळलात. पाळला न्हवं? आमी काय म्हनलो का, बुधवाराला काय नसतं? तुमच्या जावयानं मुकाट तिकीट फिरवलं. मग तुमचा बुधवार खरा आन आमचा आठवा खोटा, आसं कसं?"

मी म्हणाले, "बुधवारानं कुनाचं काय बिगडत न्हाई हो."

"बिगडलं की," त्या म्हणाल्या. "बुधवारी निगाली आसती तर आज तुमच्या घरी आसती."

यात टोमणा नव्हता. सरळ हिशोब सांगावा तशा त्या बोलल्या. मी फोन ठेवला नाही, आपटला. मोबाइल आपटायची सोय नाही म्हणून तो गादीवर आपटला, त्यानं काय समाधान होणार? त्यानंतर मी कुणाकुणावर चिडले त्याची यादीच करता येईल. विहीणबाईंवर, त्या अडाणी आहेत म्हणून, आणि त्यांनी मला बरोबर पकडलं म्हणून. जावयांवर, आईपुढं तोंड उघडत नाहीत म्हणून. डॉक्टरीणबाईंवर, रस्ता नको म्हणाल्या म्हणून. रेल्वेवाल्यांवर, त्यांना एक दिवस आधी आश्वासन का मिळालं नाही म्हणून. मालकांवर, ते काहीच न बोलता शेळी परत दावणीला बांधून आले म्हणून. आठव्यात सासू सोडणार नव्हती आणि नवव्यात डॉक्टरीणबाई. म्हणजे संपलं. माझी लेक माझ्या बाजेवर बाळंत होणार नव्हती.

मंगळवारची गाडी सुटली. बुधवारी दुपारी ती परळीला येऊन गेली असेल. मी त्या वेळेला पोरांना खिचडी वाढत होते.

बुधवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती गच्चीवर कपडे काढायला आली होती, एकटीच होती. आधी इकडचं-तिकडचं बोलली. बाळ लाथा मारतं म्हणाली. मग म्हणाली, "आई, एक सांगू का? चिडू नकोस."

मी म्हणाले, "बोल."

"ह्यांनी बुधवारची तिकिटं उगं न्हवती काढली. ह्यांच्या खात्यातल्या एकाचा भाऊ रेल्वेत हाय. शुक्रवारपास्नं बंद हुनार, नोटीस दिलीय, हे त्यानं आधीच सांगितलं व्हतं. म्हून तर बुधवार धरलता."

"मंग मला कावून न्हाई सांगितलं? जावयांनी न्हाई, तर तू तरी?"

तिच्या मागं कुठंतरी गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"सांगनारच व्हते ना मी. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला, म्हनले, तू सांग मामींना. पन तू बुधवार म्हनल्याबरूबर जी सुरू झालीस... मला तोंडच उगडू देईना झालीस. मंग वाटलं, जाऊ दे. संप व्हतो न व्हतो, कशाला उगं तुला चिडवायचं."

"आगं, पन एवडी मोटी गोष्ट!"

"मला यायचं व्हतं गं आई. लई यायचं व्हतं. पन तुला सांगायची भीती वाटली."

इतकी वर्षं मी परक्यांच्या सुनांना हेच सांगत आले आहे: घाबरू नका, दुखलं-खुपलं तर मोकळं बोला, मी आहे. त्या बोलतातही. सासूला न सांगितलेलं मला सांगतात. आणि माझी स्वतःची लेक सात महिन्यांचं पोट घेऊन फोन कानाला लावून उभी होती, तोंडात माझ्या घरी यायची वाट होती, आणि ती गिळून गप्प बसली, माझ्या भीतीनं. मला रडू यायला पाहिजे होतं. मी तिला म्हणायला पाहिजे होतं, चुकलं गं बाई माझं. हे सगळं मला आता, लिहिताना सुचतंय.

तेव्हा मी ओरडले. "तोंड शिवलं व्हतं का तुजं? एका शब्दाचं काम व्हतं! एका शब्दाचं!"

मालक ओट्यावरून आत आले. लेक फोनवर हळूच म्हणाली, "बग. झालीसच न्हवं का सुरू."

आणि म्हणाली, कपडे वाळलेत, खाली जाते.